सहा मिलिमीटरचा घोळ: एका मागच्या चाकाचं प्रकरण

भाचीची सायकल ओसरीत येऊन टेकली तेव्हा मागचं चाक लांबून झकास दिसत होतं. नवी काळी रिम, छत्तीस चकचकीत स्पोक, आणि चाक फ्रेमच्या बरोबर मधोमध. डावीकडचे शेजारचे दोन स्पोक चिमटीत धरून दाबले, तर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे एकमेकांकडे आले. त्यातल्या एकाचं निपल, म्हणजे स्पोकला रिमशी जखडणारा नळीसारखा बारीक नट, अर्धा फेरा कसलं, तशी तिथली रिम डावीकडे सरकली. मग उजवीकडचं निपल कसायला गेलो, तर ते हलेचना. पाना घसरला, कारण निपलचे कोपरे आधीच गोल झालेले. आणि तरीही उजवीकडचा तो स्पोक काही ताणलेला नव्हता. पाना जड चालतोय म्हणजे स्पोक ताणला जातोय, असं आपण धरून चालतो. इथे तसं नव्हतं.

हे सगळं माझ्याच एका वाक्यामुळे झालं होतं, म्हणून प्रकरण पहिल्यापासून सांगतो.

पावसाळा संपता संपता ती इंदूरहून खंडवा रोडने सिमरोळकडे निघाली होती. तेजाजी नगरच्या पुढे पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात मागचं चाक आपटलं आणि रिमची कड आत दबली. तिने फोन केला. मी बडोद्याला लग्नाच्या गडबडीत, एका हातात अक्षता. म्हटलं, "रिम बदलून घे, आणि स्पोक जुन्याच मापाचे आण. सातशेचीच रिम आहे ना, माप बदलतंय कुठे!" तिने इमानेइतबारे चाकातून एक स्पोक काढला, तीस सेंटिमीटरच्या स्टीलच्या पट्टीवर ठेवला, 290 मिलिमीटर भरला. दुकानातही दुजोरा मिळाला: "दीदी, 700 की रिम है तो 290 की तीली ही लगेगी।" छत्तीस स्पोक घेतले, जुन्या मॉडेलची रिम मिळेना म्हणून दुसरी घेतली, आणि एका कारागिराने संध्याकाळपर्यंत चाक बांधून दिलं. महूपर्यंतच्या दोन फेऱ्यांत ते डुलायला लागलं आणि चढावर कटकट आवाज करू लागलं.

टायर, ट्यूब, रिमपट्टी उतरवली तेव्हा दोष समोर आला. प्रत्येक निपलच्या डोक्यातून स्पोकचं टोक न कापलेल्या नखासारखं वर आलं होतं. व्हर्निअरच्या मागच्या दांडीने खोली मोजली. उजवीकडचे सहा मिलिमीटर वर, डावीकडचे साडेचारच्या पुढेमागे. स्पोकवरचे आटे असतात जेमतेम दहा मिलिमीटर. ते संपले की निपल स्पोकच्या गुळगुळीत अंगावर चढायला बघतं आणि तिथेच अडकतं. उजवीकडचं प्रत्येक निपल असं जीव खाऊन चढवलेलं होतं. डावीकडे कसायला आटे थोडेफार उरले होते, पण डावीकडे कसलं की रिम डावीकडे जाणार, आणि तिला परत ओढायला उजवीकडे काही शिल्लकच नाही. म्हणून त्या कारागिराने डावी बाजू सैल सोडून चाक निदान मधोमध ठेवलं होतं. चुकीच्या मालातून त्याने एवढं साधलं, हे त्याचं कसबच म्हणायचं.

ट्यूब मात्र एकदाही पंक्चर झाली नव्हती, आणि म्हणूनच चूक लपून राहिली. एकपदरी रिम असती तर ही टोकं पहिल्याच दिवशी ट्यूबमध्ये शिरली असती. ही रिम दुपदरी, पोटात खोल. टोकं त्या पोकळीत निवांत उभी.

आता माझं ते वाक्य. 700 हा आकडा किंवा रिमवर कोरलेला 622 हा आकडा टायरची कड जिथे बसते तिथलं माप सांगतो. जुनी रिम 622, नवीही 622, एकच टायर दोन्हींवर बसतो. पण स्पोकला टायरशी काय देणंघेणं? तो निपलच्या डोक्यात संपतो, आणि ते डोकं रिमच्या आतल्या भिंतीवर टेकतं. रिम जितकी खोल, तितकी ही भिंत हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, जवळ. स्पोकची टोकं जिथे संपायला हवीत त्या बिंदूंमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे ईआरडी, पूर्ण नाव इफेक्टिव्ह रिम डायमीटर. नव्या रिमवरच्या स्टिकरवर तो नव्हता. असता तरी मी मोजलाच असता, कारण व्यास नक्की कुठून कुठे धरायचा, निपलच्या खाचेपर्यंत की डोक्याच्या माथ्यापर्यंत, याबाबत सगळे एकसारखे वागत नाहीत. त्या फरकात एका बाजूला एखादा मिलिमीटर सहज जातो.

मोजायला तेच चुकीचे स्पोक उपयोगी पडले. चाक उसवलं. दोन स्पोक पट्टीवर पुन्हा तपासले: वाकलेल्या मानेच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत, दोन्ही 290. एक स्पोक रिमच्या पहिल्या भोकात, दुसरा बरोबर समोरच्या एकोणिसाव्यात. निपलं इतकीच फिरवली की स्पोकचं टोक स्क्रू-ड्रायव्हरच्या खाचेच्या तळाशी येऊन थांबेल. दोन्ही स्पोकांच्या माना मध्यावर एकमेकींसमोर आल्या, मध्ये थोडी फट. दोन्ही निपलं भोकात नीट बसावीत म्हणून स्पोक मध्याकडे ओढून धरायला हवेत, आणि वाचायला हात मोकळा हवा. भाचीने केसांचं रबर काढलं आणि दोन्ही मानांत अडकवलं. मला हे कधी सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मी सुतळीने बांधत आलोय.

फट भरली 8.2 मिलिमीटर. एवढ्यावर थांबायचं नाही, रिम नवी असली तरी अगदी गोल असेलच असं नाही. आणखी तीन ठिकाणी मोजलं: 7.8, 8.1, 7.9. सरासरी 8. म्हणजे 290 अधिक 290 अधिक 8, ईआरडी 588. जुनी दबलेली रिम माळ्यावर टाकली होती, तीही उतरवून न दबलेल्या भागात मोजली. 600 भरली. टायर एकच, आणि व्यासात 12 मिलिमीटरचा फरक. दर स्पोकामागे सहा.

हब मोजणं त्यामानाने सोपं. छत्तीस भोकांच्या हबला प्रत्येक फ्लँजवर, म्हणजे दोन बाजूंच्या तबकड्यांपैकी प्रत्येकीवर, अठरा भोकं. अठरा सम असल्यामुळे प्रत्येक भोकाच्या बरोबर समोर भोक येतं. व्हर्निअरने भोकाचं केंद्र पकडायची खटपट करू नये. एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजायचं, की केंद्र ते केंद्र अंतर आपोआप मिळतं. दोन्ही फ्लँजवर 45 आलं. भोकाचा व्यास 2.5. आसावर एका चेकनटच्या (फ्रेमला टेकणाऱ्या कडेच्या नटच्या) बाहेरच्या तोंडापासून दुसऱ्याच्या तोंडापर्यंत 135, म्हणजे मध्य 67.5 वर. उजव्या तोंडापासून उजव्या फ्लँजच्या जाडीच्या मध्यापर्यंत 46.5, डावीकडे 32.5. वजाबाकी केली की मध्यापासून उजवी फ्लँज 21 वर आणि डावी 35 वर. कॅसेटला, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याला, जागा हवी म्हणून उजवी फ्लँज आत ढकललेली असते. मागच्या चाकात दोन बाजूंना दोन लांब्या लागतात त्या यामुळेच. जुन्या चाकात उजवीकडे 288 चे होते. पण ते कॅसेटच्या आड. भाचीने हाताशी आलेला डावीकडचा काढला, तो 290 चा. म्हणजे जुनीच रिम असती तरी उजवी बाजू थोडी चुकलीच असती.

मग लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर आकृती काढली. चाक बाजूने बघा. हबचं केंद्र, हबवरचं भोक आणि रिमवरचं निपल, असा त्रिकोण. दोन बाजू माहीत आहेत: रिमची त्रिज्या आणि हबच्या भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या. मधला कोन कळला की तिसरी बाजू निघते. हा शाळेतला कोसाइनचा नियमच. आता चाक समोरून बघा, तर हबवरचं टोक फ्लँजच्या अंतराइतकं बाजूला आहे. तिथे पायथागोरस. दोन्ही एकत्र केले की:

लांबी = √(र² + ह² + फ² − 2 × र × ह × कोसाइन) − हबच्या भोकाची त्रिज्या

यात र म्हणजे ईआरडीचा अर्धा, ह म्हणजे हबवरच्या वर्तुळाच्या व्यासाचा अर्धा, फ म्हणजे मध्यापासून फ्लँजचं अंतर. शेवटची वजाबाकी विसरायची नाही. स्पोक भोकाच्या केंद्राला लटकत नाही, रिमकडच्या कडेला टेकतो.

कोन कुठून येतो? एका फ्लँजवर अठरा भोकं, म्हणजे दोन भोकांत 20 अंश. आपलं चाक तीन क्रॉसचं, म्हणजे प्रत्येक स्पोक वाटेत त्याच बाजूच्या तीन स्पोकांना ओलांडतो. तीन गुणिले वीस, 60 अंश. आणि 60 चा कोसाइन अर्धा! छत्तीस भोकं आणि तीन क्रॉस या जोडीवर माझा जीव आहे, त्यात हेही एक कारण. '2 × र × ह × अर्धा' म्हणजे नुसतं 'र × ह'. वर्गमूळ सोडलं तर सगळं कागदावर होतं. बत्तीस भोकांना 67.5 अंश येतात, मग मोबाइल काढावा लागतो.

र 294, त्याचा वर्ग 86436. ह 22.5, वर्ग 506.25. र गुणिले ह 6615. डावीकडे फ 35, वर्ग 1225. बेरीज-वजाबाकी 81552.25, वर्गमूळ 285.57, त्यातून 1.25 वजा: 284.3. उजवीकडे फ 21, वर्ग 441. बेरीज 80768.25, वर्गमूळ 284.2, वजा 1.25: 282.95.

ताळा म्हणून जुन्या रिमचं 600 घालून तेच गणित केलं. डावीकडे 290.3, उजवीकडे 288.9 आलं. चाकात होते 290 आणि 288. ज्या कोणी ते पहिल्यांदा बांधलं, त्याने खालचा सम आकडा घेतलेला. कागद बरोबर बोलतोय, याची खात्री पटली.

भाचीचा प्रश्न फार चांगला होता: "मामा, तू फ्लँज मोजायला वीस मिनिटं घेतलीस. त्यात एक मिलिमीटर चुकला असता तर?" करून पाहिलं. फ्लँजचं अंतर एक मिलिमीटरने चुकलं तर डावीकडची लांबी फक्त 0.12 ने बदलते, उजवीकडची 0.07 ने. हबच्या वर्तुळाचा व्यास एकाने चुकला तर 0.2 च्या आसपास. आणि ईआरडी एकाने चुकला तर तब्बल अर्धा मिलिमीटर. म्हणजे जिथे मी डोळे फोडून बसलो होतो तिथे पट्टीचं मापही चाललं असतं, आणि जिथे जपायला हवं होतं तिथे मी बडोद्याहून फोनवर अंदाज ठोकला होता. ती हे बोलली नाही, पण चेहऱ्यावर होतं.

तेवढ्यात तिने मोबाइलवर आणखी एक आकडेमोड केली आणि उडालीच. छत्तीस 290 चे स्पोक पडलेत, पैसे गेलेत. तीनऐवजी चार क्रॉस घातले तर? कोन 80, कोसाइन 0.17. उजवीकडे 290.4, डावीकडे 291.8! "मामा, उजवीकडे तर चपखल बसतोय!"

खरं सांगतो, मलाही क्षणभर मोह झाला. नवीन स्पोक न मागवता चाक बांधून होणार. डावीकडे जवळजवळ दोन मिलिमीटर कमी पडतात, तिथे निपलच्या डोक्यापर्यंत टोक पोचणार नाही, आणि निपल डोक्याखाली तुटतं ते अशाच ठिकाणी. पण गणिताने नाही, हबनेच नकार दिला. एक स्पोक भोकात घातला, चार क्रॉसच्या दिशेने आडवा धरला. तो शेजारच्या भोकातल्या स्पोकच्या डोक्यावर चढला. चार क्रॉसमध्ये स्पोक फ्लँजला जवळजवळ स्पर्शरेषेसारखा निघतो, आणि 45 च्या लहान फ्लँजवर पुढच्या भोकाचं केंद्र त्याच्या रेषेपासून फक्त दोनेक मिलिमीटरवर येतं. स्पोकची अर्धी जाडी एक, डोक्याची अर्धी रुंदी दोन. म्हणजे तीन तरी हवेत. तीन क्रॉसमध्ये हेच अंतर साडेचारच्या वर असतं. मोठ्या फ्लँजच्या हबवर चार क्रॉस गुण्यागोविंदाने नांदतात, इथे नाही. स्पोक आडवे निघावेत ही कल्पना जेम्स स्टार्लीने 1874 साली पेटंट केली, कारण पायडलचा जोर हबमधून रिमपर्यंत ओढून न्यायचा तर स्पोक सरळ त्रिज्येवर असून भागत नाही. पण तीन क्रॉसला स्पोक पुरेसे आडवे असतात.

टोकं कापून नवे आटे पाडून घ्यायचा सल्लाही एकाने दिला. यंत्रावर आटे दाबून उठवतात तेव्हा धातू कापला जात नाही, बाहेर ढकलला जातो. दोन मिलिमीटरचा स्पोक आट्यांवर 2.2 च्या आसपास भरतो तो म्हणूनच. डाय फिरवून आटे कापले तर धातू कमी होतो, आणि तोही सगळ्यात ताण पडतो तिथे. तसं दाबायचं यंत्र हाताशी असतं तर गोष्ट वेगळी. नव्हतं, म्हणून तो विषय संपला.

राहिला पूर्णांकाचा प्रश्न. स्पोक मिळत होते सम आकड्यांत. डावीकडे 284.3 ला 284, यात वाद नाही. उजवीकडे 282.95 ला 282 की 284? भाचीचं म्हणणं, छत्तीसही 284 घेऊ, एकच पुडकं. चुकीचं नाही ते. 284 घेतला तर टोक खाचेच्या तळापासून एक मिलिमीटर वर, म्हणजे निपलच्या डोक्यातच राहील, आणि आटेही पुरतील. तरी मी 282 घेतला. एक तर ताणाखाली स्पोक लांबतो. शंभर किलोच्या ताणाला दोन मिलिमीटरचा स्टीलचा स्पोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबतो, आणि रिम किंचित आकसते. म्हणजे टोक चढणार ते वरच. दुसरं, उजवीकडे ताण जास्त, निपल सगळ्यात जास्त तिथेच फिरवावं लागतं, तिथे मला शेवटपर्यंत आटे मोकळे हवेत. सावधपणाचा भाग थोडा जास्त आहे यात, पण एकदा आटे संपलेलं चाक उसवून बसलेल्या माणसाला तेवढी मुभा असावी.

284 चे वीस, 282 चे वीस, दोन-दोन जादा. निपल नवीन, जुने कोपरे गेलेले परत वापरायचे नसतात.

रविवारी सकाळी ताईने पोहे-शेवेच्या बशा ओसरीतच आणून दिल्या आणि जिरावनाचे (पोह्यांवरच्या मसाल्याचे) हात स्पोकांना लावू नका म्हणून दम दिला. बांधणी नेहमीचीच, तिच्यात शिरत नाही. आट्यांना तेलाचं बोट, आधी सगळी निपलं सारखी, मग अर्धा-अर्धा फेरा. एका फेऱ्याला निपल 0.45 मिलिमीटर सरकतं, त्यामुळे घाई केली की आऊट, म्हणजे रिमचा डुलका, काढता काढता आपणच नवी आऊट घालतो. स्टँड नाही, सायकल उलटी ठेवून फ्रेममध्येच काम. चाक मधोमध आलं का हे बघायला ते काढून उलटं लावायचं; दोन्ही वेळा रिम फ्रेमच्या पात्यापासून सारखी दिसली पाहिजे. एकदा पोह्यांच्या आधी आणि दोनदा नंतर उलटंपालटं केलं.

शेवटी स्पोक नखाने छेडले. उजवीकडचे टणत्कारले, डावीकडचे त्याहून खर्जात. भाचीला वाटलं डावीकडे पुन्हा ढिलं राहिलं. तसं नाही. रिम मधोमध राहायची तर दोन्ही बाजूंची आडवी ओढ सारखी हवी, आणि 21 ला 35 म्हणजे डावीकडे उजवीच्या साठ टक्केच ताण येणार. मागच्या चाकाचा तो स्वभाव आहे. मात्र एकाच बाजूचे अठराही स्पोक आपापसात एका सुरात हवेत. दोन जरा बेसूर होते, ते पाव फेऱ्याने आणले. रिमपट्टी लावायच्या आधी भोकांतून टॉर्च मारून पाहिला. डावीकडे टोक खाचेच्या तळाशी, उजवीकडे केसभर खाली.

त्यानंतर ती दोनदा सिमरोळला जाऊन आली. पहिल्या फेरीनंतर एक पाव फेरा द्यावा लागला, दुसऱ्या फेरीनंतर नाही.

290 चे दोन स्पोक, निपलांसकट, आता ओसरीतल्या खिळ्याला टांगलेत आणि त्यांच्यावर ते केसांचं रबर आहे. बाकीचे चौतीस डब्यात. मागच्या आठवड्यात शेजारचा मुलगा 26 इंची रिम घेऊन आला तेव्हा तेच स्पोक लावले. रिम लहान, त्यामुळे मध्ये फट राहिलीच नाही, माना एकमेकींना ओलांडून गेल्या. भाचीने ओलांडलेला भाग मोजला, 39 आला. "580 मधून वजा करायचा ना?" म्हणाली, आणि 541 लिहून मोकळी झाली. रबर मात्र तिने परत मागितलंय.